हात उचलला तेव्हा कुठे रक्त फिरलं: गरी गिळलेल्या राणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एका गावात माझा जनावरांचा दवाखाना आहे. एक स्टीलचं टेबल, एक ऑक्सिजन सिलिंडर, पल्स ऑक्सिमीटर, अंबू बॅग म्हणजे हाताने दाबून हवा भरायची पिशवी, श्वासनळीत घालायच्या चार-पाच मापाच्या ट्यूब आणि मदतीला एक पोरगा, त्याला इथे संत्या म्हणू. ईसीजी नाही, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ तेव्हा नव्हता. नावं सगळी बदललेली आहेत.

जुलै महिना, ट्रॉलरची मासेमारी बंद, त्यामुळे अर्धा गाव संध्याकाळी जेटीवर गरवायला बसलेला असतो. कोणीतरी कोळंबी लावलेली गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, दगडावर ठेवून चहाला गेला आणि राणीने ती कोळंबी उचलली, गरीसकट. राणी म्हणजे लॅब्राडोर, पाच वर्षांची, २६ किलो, छाती पिंपासारखी गोल. मालक काका आंबा बागायतदार, सोबत त्यांचा कॉलेजातला पुतण्या. पिकअपच्या हौद्यात आंब्याच्या रिकाम्या क्रेटच्या मधे राणीला बसवून भिजत आले दोघं.

गरी जिभेच्या मुळाशी, टाळूच्या मऊ भागात रुतलेली होती आणि तिचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तोंडाबाहेर लोंबत होता. काकांनी तो ओढला नव्हता, हे मोठंच शहाणपण. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर घाट चढून तीन-चार तास, आणि पाऊस मी म्हणत होता. मी टॉर्च मारून बघितलं, गरी दिसत होती, म्हटलं गुंगीचं औषध झायलाझीन देऊन काढून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे. हे "पाच मिनिटांचं काम" पुढे बऱ्याचदा येणार आहे.

अडचण कशी उभी राहिली

झायलाझीन मांसात दिलं. शिरेत सुई लावून ठेवली नाही, कारण तेच, पाच मिनिटांचं काम. राणी आडवी झाली पण चिमट्याने गरी धरली की डोकं झटकायची, म्हणून मी अर्धा डोस परत टोचला. झायलाझीनने ठोके मंद होतात हे कॉलेजात सगळेच शिकतात, आणि घशात मागे ओढाताण केली की व्हेगस नावाची नस हृदयाला वेगळा ब्रेक लावते. मी दोन्ही ब्रेक एकाच वेळी दाबले. चिमट्याने ओढ दिली आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा गेला, नुसत्या रेघा राहिल्या.

पुतण्या गरी काढतानाचा व्हिडिओ घेत होता आणि गडबडीत त्याने मोबाइल चालू ठेवूनच औषधांच्या फळीवर टेकवला, त्यामुळे पुढे काय आणि किती सेकंदांनी झालं हे मला नंतर बघता आलं. बघायला बरं वाटत नाही, पण शिकायला त्याच्यासारखं काही नाही. तर व्हिडिओत दिसतं की मी आधी ऑक्सिमीटरचा चिमटा जिभेवरून काढून कानाला लावला, मग मांडीच्या आत नाडी चाचपली, मग स्टेथोस्कोप शोधला, मग परत नाडी. संत्याने पहिल्यांदा छाती दाबेपर्यंत ४३ सेकंद गेले होते. कुत्रा हाक मारून, हलवून प्रतिसाद देत नाही आणि श्वास घेत नाही एवढं दहा-पंधरा सेकंदांत बघायचं आणि सुरू करायचं. नाडी शोधत बसायचं नाही, कारण घाबरलेल्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते. चालू हृदयावर चार दाब पडले तर फार बिघडत नाही, थांबलेल्या हृदयावर नाही पडले तर मात्र बिघडतं.

लाईट तेव्हाच गेली. इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि पंखा. काका दारात उभे, "काय ओ मॅडम, गेली काय?" मी उत्तर दिलं नाही.

समोर काय काय पर्याय होते

सोडून देणं हा एक पर्याय असतोच, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. आजारी कुत्र्याचं हृदय दवाखान्यात थांबलं तर घरी परत जाणारे शंभरात पाच-सात. पण भूल दिल्यावर थांबलेलं हृदय ही वेगळी गोष्ट आहे, तिथे शक्यता कितीतरी पट चांगली, कारण कुत्रा मुळात धडधाकट असतो आणि कारण समोर दिसत असतं, बऱ्याचदा परत फिरवताही येतं. झायलाझीन उतरवायला योहिंबिन माझ्या कपाटात होतं. म्हणून काकांना एवढंच म्हटलं की प्रयत्न करते, आणि ते म्हणाले "करा".

दुसरा प्रश्न, आधी काय? औषध की छाती? औषध शिरेत द्यायचं तर शीर हवी, सुई लावलेली नाही, आणि शीर मिळाली तरी रक्त फिरत नसेल तर औषध त्या पायातच पडून राहणार. म्हणजे छाती आधी, हे ठरलेलं. तिसरं, माणसं तीन, मी, संत्या आणि पुतण्या. संत्या छातीवर, मी ट्यूबला, ट्यूब बसली की पिशवी पुतण्याच्या हातात. कागदावर हे बरोबरच होतं.

मधेच थोडं पंपाबद्दल

पुढचं कळायला हे आधी सांगावं लागेल. छाती दाबल्यावर रक्त पुढे का जातं, याची दोन उत्तरं आहेत आणि कुत्र्यांत दोन्ही खरी ठरतात, छाती कशी आहे त्यावर.

पहिलं सोपं. हृदय दोन बाजूंच्या फासळ्यांमध्ये पिळलं जातं, झडपा एकाच दिशेने उघडतात, रक्त महाधमनीत जातं. अरुंद, खोल छातीच्या कुत्र्यात, म्हणजे आपला कारवान किंवा डॉबरमन डोळ्यासमोर आणा, हृदय फासळीला जवळ असतं, तिथे कोपराच्या मागे बरोबर हृदयावर दाबलं की असंच होतं.

दुसरं उत्तर यायला वेळ लागला. १९५८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये थांबलेली हृदयं विजेच्या शॉकने परत सुरू करण्यावर काम चालू होतं. ते काम चालवणारे कूवनहोवन हे मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनियर, आणि या कामाची सुरुवात झाली ती विजेच्या तारांवर काम करणारे लाईनमन शॉकने मरत होते म्हणून. तिथे निकरबॉकर नावाच्या त्यांच्या तरुण सहकाऱ्याच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या छातीवर डिफिब्रिलेटरच्या जड पट्ट्या नुसत्या जोरात टेकवल्या तरी मांडीतल्या धमनीचा दाब वर उडतो, करंट सोडायच्या आधीच. १९६० मध्ये ते छापून आलं आणि माणसांचा सीपीआर, म्हणजे छाती दाबून थांबलेल्या हृदयाचं काम चालू ठेवणं, सुरू झाला, म्हणजे ही विद्या कुत्र्यांकडून माणसांकडे गेली आणि मग फिरून आमच्याकडे आली. तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की हृदय पिळलं जातं. मग १९७६ मध्ये क्रायली या डॉक्टरांनी दाखवलं की हृदय निकामी थरथरत असताना रुग्ण जोरजोरात खोकत राहिला तर शुद्धीवर राहू शकतो. खोकल्याने हृदय कोण पिळतंय? कोणीच नाही. छातीच्या आतला दाब वाढतो, बस्स.

म्हणजे अख्खी छातीच भात्यासारखी चालते. दाबलं की आतला दाब वाढतो, धमन्यांच्या भिंती जाड, त्या उघड्या राहतात, शिरा पातळ, त्या मिटतात, आणि मानेकडच्या शिरांमधल्या झडपा रक्त मागे डोक्याकडे जाऊ देत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीला फूटव्हॉल्व्ह असतो ना, तसंच, पाणी वर जाईल पण परत विहिरीत नाही. हृदय यात नुसता पाइप. राणीसारख्या पिंपाएवढ्या गोल छातीत हृदय मधे लांब असतं, हाताचा दाब तिथपर्यंत धड पोचत नाही, तिथे हा भाताच कामाला येतो, आणि भाता जास्तीत जास्त दबावा म्हणून हात छातीच्या सगळ्यात रुंद भागावर ठेवायचे, कोपराच्या मागे नाही. बुलडॉगसारखा चपट्या रुंद छातीचा असेल तर त्याला पाठीवर घेऊन छातीच्या हाडावर. दहा किलोच्या आतलं पिल्लू किंवा छोटा कुत्रा असेल तर एका हाताने दोन्ही बाजूंनी धरून. जनावरांच्या सीपीआरच्या २०१२ च्या रिकव्हर नियमावलीतही छातीच्या आकाराप्रमाणे हात बदलायचं सांगितलंय, २०२४ च्या नव्या आवृत्तीतही तेच आहे. मी ते वाचलेलं होतं. वाचलेलं होतं हे विशेष.

आता उरलेला अर्धा भाग. दाबताना रक्त बाहेर जातं हे सगळ्यांना कळतं, पण छाती परत वर येते तेव्हा आत ओढ तयार होते आणि शिरांमधलं रक्त छातीत शिरतं, पुढच्या दाबाला बाहेर टाकायला काहीतरी शिल्लक राहतं. आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं तेही मुख्यतः याच वेळी, हात वर असताना. महाधमनीतला दाब आणि उजव्या कप्प्यातला दाब यात जेवढा फरक तेवढं रक्त त्या स्नायूत जातं. छातीवर रेलून राहिलं की उजव्या कप्प्यातला दाब खाली येतच नाही, फरक संपतो, हृदय उपाशी. उत्तम दाबलं तरी नेहमीच्या पंचवीस-तीस टक्केच रक्त फिरतं, त्यातलं आणखी घालवायची चैन परवडत नाही.

काय केलं, दोन-दोन मिनिटांनी

पहिली दोन मिनिटं. संत्या शिमग्या-गणपतीत जाखडीला ढोलकी वाजवतो, त्यामुळे वेग त्याचा पहिल्यापासून पक्का, व्हिडिओवर मोजला तर मिनिटाला ११० च्या आसपास. हवा तो १०० ते १२०. बाकी सगळं चुकलं. हात मीच त्याला कोपराच्या मागे ठेवायला लावले, जुन्या सवयीने. टेबल त्याच्या पोटापर्यंत येतं, त्यामुळे कोपर वाकलेले, जोर खांद्यातून येतच नव्हता, आणि दमल्यावर तो दोन दाबांच्या मधे तळवे छातीवर टेकवून रेलत होता. मी तोंडात वाकून ट्यूब घालण्यात गुंतलेली, माझं लक्षच नाही. ट्यूब मात्र चांगली बसली, राणी आडवी असतानाच, दाब न थांबवता, गरीच्या बाजूने सरकवून. जीभ राखेच्या रंगाची.

दोन मिनिटांनी स्टेथोस्कोप लावला, काही नाही. मधे काका म्हणाले होते, "मांडीत नाडी लागते ओ मॅडम, दर दाबाला." त्यांनी बघितलं ते खरं होतं, पण त्यावर विसंबता येत नाही. पोटातल्या मोठ्या शिरेला फूटव्हॉल्व्ह नसतो, दाबलं की रक्ताची लाट त्या शिरेतून मागेही येते आणि मांडीत बोटाला लागते, आपल्याला वाटतं धमनी उडतेय.

दुसरी दोन मिनिटं मी घेतली. टेबलासमोर उभी राहिले आणि तेव्हा कळलं की इथून जोर लागूच शकत नाही. राणीला जमिनीवर घ्यायचा विचार आला, पण उचलायचं म्हणजे दाब थांबणार, आणि दाब थांबला की साठलेला दाब लगेच पडतो, परत चढायला मिनिटभर लागतं. मी काकांना म्हटलं काहीतरी उभं राहायला द्या. काकांनी पिकअपमधून आंब्याचा क्रेट आणून पालथा घातला, तोपर्यंत मी दाबतच होते. क्रेटवर चढले, कोपर सरळ, खांदे हातांच्या वर, आणि हात रुंद भागावर आणले. राणीची छाती आडवी साधारण १८ सेंटीमीटर, तिच्या एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत दाबायचं, म्हणजे सहा ते नऊ सेंटीमीटर. हे केवढं खोल असतं ते हात घातल्याशिवाय कळत नाही, भीती वाटते. खालची एक फासळी कट् झालेली मला हाताला कळली, थांबले नाही.

याच दोन मिनिटांत दुसरी चूक चालू होती, पुतण्या घाबरून पिशवी भसाभसा दाबत होता, व्हिडिओत मिनिटाला तीसच्या वर. हवे होते दहा. त्याला वाटत होतं जास्त हवा म्हणजे जास्त चांगलं, कोणालाही वाटेल, पण हवेने छाती सतत फुगलेली राहिली की आतली ओढ तयार होत नाही, रक्त आत शिरत नाही, हे रेलण्यासारखंच झालं, फक्त आतल्या बाजूने. त्याला सांगितलं मनात सहा मोज, मग एकदा दाब, छाती किंचित वर आली की सोड.

तिसरी दोन मिनिटं परत संत्या. क्रेटवर चढला, जागा बरोबर, कोपर सरळ, पण रेलणं चालूच. "पूर्ण उचल" असं दोनदा सांगितलं, काही फरक नाही. मग तोंडात आलं ते बोलले, "अरे ढोलकीवर हात चिकटवून ठेवलास तर घुमेल का?" एका क्षणात हात बदलला. तळवे कातडीला टेकलेले पण वजन शून्य, छाती पूर्ण वर येऊ देतोय, मग परत खाली. व्हिडिओत ती जागा अजून दाखवते मी लोकांना, आधीची आणि नंतरची, आवाजसुद्धा वेगळा येतो.

तोपर्यंत मी पुढच्या पायाची शीर शोधत होते. पहिल्यांदा हुकली, शिरा चिपाडासारख्या झालेल्या. श्वासनळीच्या ट्यूबमधून अॅड्रेनलीन, म्हणजे रक्तदाब वाढवणारं औषध, सोडायचा पर्याय डोक्यात होता, त्याला डोस मोठा लागतो आणि भरवसा कमी, म्हटलं अजून एकदा शीर बघू. दुसऱ्यांदा लागली. सहावं मिनिट सुरू होतं. योहिंबिन, व्हेगसचा ब्रेक सोडवणारं अॅट्रोपिन किलोला ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधून पावणेदोन मिली, आणि अॅड्रेनलीन किलोला ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे पाव मिलीच्या किंचित वर. प्रत्येकामागून सलाईन ढकललं आणि पाय वर धरला. तेवढ्यात काका म्हणाले "जीभ बघा", आणि जीभ खरंच बदलली होती, गुलाबी नाही म्हणता येणार, पण ती राख गेली होती. औषधांना तेवढ्यात वेळच मिळाला नव्हता. ते संत्याच्या हाताचं होतं असं माझं ठाम मत आहे.

चौथी दोन मिनिटं मी. अर्ध्यात राणीने एक मोठा आचका दिला. सगळे ओरडले, संत्या म्हणाला थांबा मॅडम, आली. मी थांबले नाही. आचका म्हणजे चालू हृदय असं नसतं, आणि थांबून बघितलं असतं तर जमलेला दाब घालवला असता. दोन मिनिटं पुरी झाल्यावर स्टेथोस्कोप लावला, ठोके होते, जलद आणि नीट. कॅप्नोग्राफ असता तर थांबायची गरजच नव्हती, कारण श्वासातून बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसापर्यंत रक्तानेच आणावा लागतो, म्हणून तो आकडा सरळ सांगतो की तुमच्या हाताने किती रक्त फिरतंय. दाबताना निदान १८ मिलिमीटर पारा हवा, आणि हृदय चालू झालं की एकदम उडी मारतो.

निकाल

वीस मिनिटांत राणी स्वतः श्वास घेऊ लागली, शुद्ध नव्हती. इथे आणखी एक निर्णय होता, गरीचं काय? ती तशीच ठेवून जागी झाल्यावर परत भूल द्यायची, की आत्ताच? घसा ओढायला नको वाटत होतं, पण अॅट्रोपिन अंगात होतं, व्हेगसचा ब्रेक बांधलेला होता, शिरेत सुई होती, ट्यूब होती. आत्ताच केलं. यावेळी मागे ओढलं नाही, गरी पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, पक्कडीने काटा तोडला आणि उरलेली तार उलटी सरकवून काढली. पहिल्यापासून असंच करायला हवं होतं, ओढच लागली नसती.

रात्री ती दवाखान्यात राहिली, अंग गार पडलं होतं, पांघरूण घातलं पण गरम पिशव्या लावून झपाट्याने तापवलं नाही, हृदय थांबून गेल्यावर मेंदूला ताप सोसत नाही. सकाळी उभी राहिली आणि सरळ जाऊन दाराच्या चौकटीवर आपटली. दिसत नव्हतं. मेंदूचा नजरेचा भाग प्राणवायूच्या उपासाला फार हळवा असतो. काका काही बोलले नाहीत, मला बोलले असते तर बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी तिने संत्याच्या हातातली पोळी लांबून बघितली आणि उठली.

परत असं झालं तर

शिरेत सुई. काम पाच मिनिटांचं असो की दोन, सुई लावल्याशिवाय आता मी झायलाझीनची बाटली उघडत नाही. तेव्हा सुई असती तर योहिंबिन पहिल्याच मिनिटात गेलं असतं. अॅट्रोपिन आधीच टोचायला हवं होतं का, यावर माझं आणि एका मित्राचं अजून एकमत नाही. तो म्हणतो हो. मी म्हणते झायलाझीनसोबत सरसकट दिलं तर रक्तदाब वाढलेला असतानाच हृदय पळायला लागतं, तेही चांगलं नाही, त्यापेक्षा डोस कमी ठेवून कोणीतरी स्टेथोस्कोप कानाला लावून बसावं. परत अर्धा डोस द्यायच्या आधी ठोके मोजले नाहीत, याला मात्र दुसरी बाजू नाही.

ते ४३ सेकंद आणि पहिली दोन मिनिटं, यामुळे तिची नजर गेली का? सांगता येत नाही. चांगल्या दाबांनीही गेली असती कदाचित. पण एक माणूस दाबत असताना दुसऱ्याने फक्त त्याच्या हातांकडे बघायचं, हे आता आमच्याकडे ठरलेलं आहे, ट्यूब बसली की माझं ते काम. कॅप्नोग्राफ जुना घेतला, हप्त्यावर.

काकांना महिनाभराने मी हे सगळं समजावत होते, थांबलो की दाब पडतो वगैरे, तर ते म्हणाले, "म्हणजे फूटव्हॉल्व्ह गळका असला तर मोटार बंद केली की पाइपातलं पाणी खाली जातं, मग परत पाणी धरायला वेळ लागतो, तसंच की ओ." तसंच. क्रेट त्यांनी परत नेला नाही, टेबलाखाली आहे, संत्याने त्याला खालून रबराच्या पट्ट्या ठोकल्यात, सरकू नये म्हणून.